घरामागच्या टेकडीची राखण

कॅनबेरातल्या युद्धस्मारकाच्या मागच्या बाजूने एक पायवाट निघते. सुरुवातीला जवळजवळ सपाट, मग हळूहळू चढती आणि शेवटच्या टप्प्यात चांगलीच धाप लावणारी. सव्वादोन किलोमीटर चाललं की माउंट एन्सलीचा माथा येतो. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ८४३ मीटर. पण शहरच मुळात साडेपाचशे-सहाशे मीटरवर वसलेलं असल्यामुळे प्रत्यक्ष चढ अडीचशे मीटरच्या आसपास. सवयीच्या माणसाला पाऊण तास पुरतो. भल्या सकाळी जा, ऑफिस सुटल्यावर जा किंवा रविवारी दुपारी, या वाटेवर एकेकटी चालणारी माणसं हमखास भेटतात. सरकारी खात्यातली बाई दिवसाचं काम आटोपून बूट बदलून आलेली असते, विद्यापीठातला विद्यार्थी पाण्याची बाटली हातात घेऊन भराभर पावलं टाकत असतो, निवृत्त गृहस्थ काठी टेकत सावकाश चढत असतात. तिकीट नाही, नोंदणी नाही, वाटाड्या नाही.

वाट जाते ती रानातून. दोन्ही बाजूंना युकॅलिप्टसची झाडं, वर गेल्यावर सुरूच्या जातकुळीतली शी-ओक, गवतात मान वर करून बघणारी करड्या रंगाची कांगारू, झाडांत किलबिलणारे लाल-निळे रोझेला पोपट. ऑस्ट्रेलियात अशा रानाला ‘बुश’ म्हणतात आणि त्यातून पायी फिरण्याला बुशवॉक. आश्चर्य हे, की हे रान शहराबाहेर नाही. टेकडीच्या पायथ्याला कॅम्पबेल, एन्सली, हॅकेट ही उपनगरं अगदी खेटून आहेत. घरांची रांग संपते, रस्ता संपतो, कुंपणातलं एक छोटं फाटक लागतं आणि फाटकापलीकडे कांगारू चरत असतात.

वाढत्या शहरातल्या टेकडीचं पुढे काय होतं, हे सांगायला नको. आधी तिचा दगड आणि मुरूम जातो, मग उतारावर घरं चढतात आणि शेवटी माथ्यावरचा देखावा ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या गच्चीतून दिसू लागतो. कॅनबेरात तसं झालं नाही. ते आपोआप टळलेलं नाही; शंभराहून अधिक वर्षं कुणी ना कुणी ते टाळत आलं आहे. त्यांत भूमापक आहेत, वास्तुरचनाकार आहेत, एक माळी आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत आणि रविवारी हातमोजे घालून तण उपटणारे शेजारीपाजारीही आहेत. एकट्या माणसाला अर्ध्या दिवसाची रजा न काढता रानात जाऊन येता यावं, यामागे किती लोकांचं किती काळाचं काम असतं, ते या टेकड्यांच्या इतिहासातून स्वच्छ दिसतं.

ऑस्ट्रेलियातल्या रानभटकंतीचा लिखित इतिहास मात्र एकट्यांचा नाही, तो क्लबांचा आहे. मेलबर्नमध्ये १८९४ साली पायी फिरणाऱ्यांचा क्लब निघाला, पुढच्याच वर्षी सिडनीत वॉरागम्बा वॉकिंग क्लब. १९१४ मध्ये माइल्स डन्फी आणि त्याच्या मित्रांनी माउंटन ट्रेल्स क्लब काढला; त्यात फक्त पुरुषांना प्रवेश होता आणि तोही आमंत्रणावरून. १९२२ साली मेलबर्नच्या बायकांनी स्वतःचा क्लब काढून त्याला उत्तर दिलं. १९२७ मध्ये सिडनी बुश वॉकर्स हा क्लब स्त्री-पुरुष दोघांसाठी सुरू झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या निसर्गरक्षणाचा बराचसा इतिहास त्याच्या सभासदांनी घडवला. ब्लू माउंटन्सच्या ग्रोस खोऱ्यातल्या ब्लू गम जंगलाची गोष्ट आजही तिथे अभिमानाने सांगतात. १९३१ च्या ईस्टरला तिथे तळ टाकलेल्या भटक्यांना कळलं, की ती जमीन भाडेपट्ट्याने घेतलेला माणूस सगळी झाडं पाडून अक्रोडाची बाग लावणार आहे. मंदीचे दिवस होते, कुणाच्याच खिशात पैसे नव्हते. तरी दोन क्लबांनी मिळून १३० पौंड उभे केले आणि त्याचा हक्क विकत घेऊन जंगल वाचवलं.

या क्लबांची इतिवृत्तं आहेत, नकाशे आहेत, सभासदांच्या याद्या आहेत. घरामागच्या टेकडीवर संध्याकाळी एकटंच जाऊन येणाऱ्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. क्लबांचा सल्लाही एकट्याने जाऊ नका असाच असे, आणि दऱ्याखोऱ्यांच्या मुलखात तो योग्यच होता. पाय मुरगळला, वाट चुकली, तर तिथे हाक ऐकायला कुणी नसतं. एकट्याने चालायचं तर जवळचं, ओळखीचं, तासा-दोन तासांत परत येता येईल असं रान लागतं. म्हणजे उपनगरातलीच टेकडी. म्हणून या एकट्या चालण्याचा इतिहास शोधायचा तर चालणाऱ्यांच्या डायऱ्या उलगडून फारसं काही हाती लागत नाही. टेकडी कुणाच्या मालकीची होती आणि ती मोकळी कशी राहिली, हे पाहावं लागतं.

माउंट एन्सलीचा परिसर न्गुन्नवाल आणि न्गंब्री लोकांचा. या भागात माणसाचा वावर वीस हजारांहून अधिक वर्षांपासून आहे. उन्हाळ्यात उंच पर्वतांमध्ये बोगाँग नावाचे पतंग लाखोंच्या संख्येने गोळा होत आणि दूरदूरच्या टोळ्या त्या मेजवानीसाठी डोंगरांकडे जात. आज ज्या खोऱ्यात संसद आहे ते त्यांच्या येण्याजाण्याच्या मुलखातलं. त्यामुळे ‘बुशवॉकिंग कुणी सुरू केलं’ या प्रश्नाचं उत्तर १८९४ असं देणं अपुरं आहे. क्लबवाल्यांनी ज्यांना शोध म्हटलं त्यांतल्या कितीतरी वाटा आधीच कुणाच्या तरी पायाखालच्या होत्या.

टेकडीला आज आहे ते नाव एका मेंढपाळाचं. १८०६ मध्ये सिडनीचा व्यापारी रॉबर्ट कॅम्पबेल याचं ‘सिडनी’ नावाचं जहाज सरकारी कामावर असताना बुडालं. त्याची भरपाई त्याला अनेक वर्षांनी मिळाली, ती जमीन आणि मेंढ्यांच्या रूपात. १८२५ मध्ये त्याचा मुकादम जेम्स एन्सली सातशेच्या आसपास मेंढ्यांचा कळप हाकत या खोऱ्यात पोहोचला. एका आदिवासी स्त्रीने त्याला इथली कुरणं दाखवली अशी कथा सांगितली जाते. कॅम्पबेलच्या मालमत्तेचं नाव पुढे डंट्रून पडलं. एन्सली दहाएक वर्षं राहिला आणि निघून गेला; नाव टेकडीवर राहिलं. त्यानंतरची ऐंशी वर्षं या उतारांवर मेंढ्या चरल्या, सरपणासाठी आणि कुंपणांसाठी झाडं तुटली, पुढे सशांनी उरलंसुरलं खाल्लं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत या टेकड्या आजच्यापेक्षा कितीतरी उघड्याबोडक्या दिसतात. आजचं रान हे जुनं रान जसंच्या तसं उरलेलं नाही, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

१ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सहा वसाहतींचं मिळून एक राष्ट्र झालं आणि राजधानी कुठे करायची यावर सिडनी आणि मेलबर्न हटून बसले. तोडगा असा निघाला, की दोन्हींच्या मधल्या मुलखात नवंच शहर वसवायचं. १९०९ मध्ये भूमापक चार्ल्स स्क्रिव्हनर याने मोलोंग्लो नदीच्या खोऱ्यातली ही जागा सुचवली. त्याला मिळालेल्या सूचनांमध्ये पाणी, हवा यांच्याबरोबर राजधानी सुंदर असावी आणि तिथून दूरवरचं दृश्य दिसावं अशी अटही होती. टेकड्यांनी वेढलेलं हे खोरं त्या अटीत चपखल बसलं. त्याचा तळ ज्या टेकडीच्या उतारावर होता तिला तेव्हा कुर्राजाँग हिल म्हणत. त्याने बांधलेली नकाशे ठेवायची काँक्रीटची खोली तिथे अजून उभी आहे.

याच सुमारास आणखी एक निर्णय झाला. तो दिसायला कोरडा आहे, पण टेकड्यांच्या दृष्टीने कदाचित सगळ्यांत मोलाचा. राजधानीच्या प्रदेशातली सरकारी जमीन कायमची विकायची नाही, फक्त भाडेपट्ट्याने द्यायची, असं १९१० च्या कायद्याने ठरलं. नवी राजधानी म्हणजे जमिनीच्या सट्टेबाजांना आयतं कुरण होईल ही भीती त्यामागे होती. सरकारने डंट्रूनसकट जुन्या मालमत्ता विकत घ्यायला सुरुवात केली. कॅनबेरात आजही घराची जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळते. टेकडीवर कुणाचा सातबारा नसला, की ती मोकळी ठेवण्यासाठी कुणाकडून सोडवून आणावी लागत नाही. ब्लू गमसाठी भटक्यांना वर्गणी काढावी लागली. एन्सलीसाठी ती वेळ आली नाही.

मग १९११ साली शहराच्या आराखड्यासाठी जागतिक स्पर्धा जाहीर झाली. स्पर्धकांना नकाशे, खोऱ्याचं निसर्गचित्र आणि हवामानाची माहिती पाठवण्यात आली. १३७ प्रवेशिका आल्या. मे १९१२ मध्ये निकाल लागला, पहिलं बक्षीस २९ क्रमांकाच्या प्रवेशिकेला. ती शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनची होती. तो पस्तिशीचा होता आणि त्याने ऑस्ट्रेलियात पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

प्रवेशिकेतली कापडावर काढलेली थोरली चित्रं त्याची पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन हिच्या हातची. मॅरियनने एमआयटीतून वास्तुशास्त्राची पदवी घेतली होती, इलिनॉय राज्यात परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री वास्तुरचनाकार मानली जाते आणि फ्रँक लॉइड राइटच्या कार्यालयात तिने अनेक वर्षं काम केलं होतं. तिच्या चित्रांतलं सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे माउंट एन्सलीच्या माथ्यावरून दिसणारं भावी शहर. शिकागोतल्या हिवाळ्यात, हजारो मैल दूर बसून, सपाट नकाशावरच्या समोच्च रेषा वाचत तिने तो देखावा उभा केला. न पाहिलेल्या टेकडीवर ती कागदाच्या वाटेने चढली होती. आज माथ्यावर उभं राहून खाली पाहिलं, की युद्धस्मारकाचा घुमट, त्यापुढे सरळ जाणारा अँझॅक परेडचा रुंद रस्ता, सरोवर, जुनं संसद भवन, त्यामागे नवं आणि क्षितिजावर ब्रिंडाबेलाची पर्वतरांग एका ओळीत दिसते. बांधलेल्या गोष्टी तिने काढल्यापेक्षा वेगळ्या आहेत, रेषा मात्र तीच आहे.

ग्रिफिनच्या आराखड्याचा कणा टेकड्यांचा होता. एन्सलीपासून निघणारा भूमीचा अक्ष, ब्लॅक माउंटनपासून निघणारा पाण्याचा अक्ष. रस्त्यांच्या टोकाला इमारत न दिसता डोंगर दिसावा अशी मांडणी. मोठ्या टेकड्यांना त्याने शहराच्या भिंती मानलं आणि त्यांवर बांधकाम नको असं ठरवलं. पुढे त्याने एक रंगीत कल्पनाही मांडली, की प्रत्येक टेकडीवर एकेका रंगाची फुलझाडं लावावीत: एन्सलीवर पिवळी, रेड हिलवर तांबडी. रेड हिलवर लाल फुलांच्या बॉटलब्रशची लागवड झालीही. पण शहराच्या टेकड्यांना पुन्हा झाडोरा मिळाला तो मुख्यतः दुसऱ्याच एका माणसामुळे.

तो माणूस म्हणजे चार्ल्स वेस्टन. इंग्लंडमध्ये बागकाम शिकून सिडनीत आलेला वेस्टन १९१३ मध्ये कॅनबेरात कायमचा राहायला आला आणि त्याने यारालमला इथे रोपवाटिका उभी केली. उघड्या, वारं पिऊन टणक झालेल्या त्या माळावर कुठलं झाड जगेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वेस्टनने शेकडो जाती लावून, नोंदी ठेवून ते शोधलं. १९२१ ते १९२४ या काळात त्याच्या देखरेखीखाली अकरा लाखांहून अधिक झाडं लागली. तितकंच महत्त्वाचं काम त्याने न लावता केलं. शहराजवळच्या टेकड्यांवर चराई थांबवून देशी झाडांना आपोआप पुन्हा उगवू द्यावं, असा त्याचा आग्रह होता. मेंढ्या हटल्या, बुंध्यांतून धुमारे फुटले. आज एन्सलीवर जी युकॅलिप्टसची झाडं सावली देतात त्यांतली बरीचशी या मोकळीकीची लेकरं आहेत. कॅनबेरात ग्रिफिनच्या नावाचं सरोवर आहे आणि ते असावंच. पण टेकडी चढणाऱ्याने मनात आधी आभार मानावेत ते वेस्टनचे.

ग्रिफिनचं सरकारी अधिकाऱ्यांशी कधीच जुळलं नाही. त्याच्या कामात अडथळे आणले गेले, असा निष्कर्ष १९१७ मधल्या चौकशी आयोगानेही काढला. १९२० च्या अखेरीस त्याने काम सोडलं. सिडनीच्या मिडल हार्बरच्या काठी कॅसलक्रॅग नावाचं उपनगर ग्रिफिन दांपत्याने वसवायला घेतलं. तिथले रस्ते डोंगराच्या वळणांनी जाणारे, घरं बुटकी आणि दगडाची, खाडीकाठचा पट्टा सगळ्यांसाठी राखलेला, घरांमधून रानात उतरणाऱ्या सामायिक पाऊलवाटा. जमीन घेणाऱ्यांना करारानेच बांधून घेतलं होतं, की शेजाऱ्याचा देखावा अडवायचा नाही आणि झाडं वाचवायची. कॅनबेरात जे सरकारच्या मालकीने साधलं ते इथे खासगी करारांनी साधण्याचा हा प्रयत्न होता. त्या पाऊलवाटा आजही वापरात आहेत.

ग्रिफिनची अखेर मात्र भारतात झाली. १९३५ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी तो आला, इथल्या वास्तुकलेने भारावून गेला, पायोनियर वर्तमानपत्राच्या इमारतीसह अनेक कामांचे आराखडे त्याने थोड्या काळात केले. मॅरियनही येऊन त्याच्या कामात सामील झाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर तो साठाव्या वर्षी लखनौतच वारला आणि तिथेच त्याला पुरलं. अनेक दशकं त्या थडग्यावर साधा नावाचा दगडही नव्हता.

भारताशी जोडलेला आणखी एक धागा सिडनीच्या उपनगरात सापडतो. मेरी बाइल्स ही न्यू साउथ वेल्समध्ये वकिली करणारी पहिली स्त्री सॉलिसिटर. सिडनी बुश वॉकर्सची ती सभासद होती, गिर्यारोहक होती आणि न्यू साउथ वेल्सच्या मध्य किनाऱ्यावरचं बूडी हे रान १९३५ मध्ये राखीव झालं ते तिच्या खटपटीने. नंतर ती बुद्ध आणि गांधी यांच्या विचारांकडे ओढली गेली. सिडनीच्या चेल्टनहॅम या उपनगरात, रानाच्या कडेला, तिने स्वतःसाठी साधं घर बांधलं आणि त्याला नाव दिलं ‘अहिंसा’. आजूबाजूचं रान तिने साफ केलं नाही. जवळच ध्यानासाठी एक झोपडीही उभारली. बुद्ध आणि गांधींवर तिने लिहिलेलं ‘द लोटस अँड द स्पिनिंग व्हील’ हे पुस्तक १९६३ मध्ये आलं. १९७० मध्ये तिने घर आणि जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. क्लबच्या मोहिमांपासून घरामागच्या शांत रानापर्यंत, एकाच आयुष्यात झालेला हा प्रवास. बुशवॉकिंगच्या इतिहासात बूडीची नोंद ठळक आहे. ‘अहिंसा’लाही तितकीच जागा मिळायला हवी.

कॅनबेरात मात्र दीर्घ काळ फारसं काही घडलंच नाही. ९ मे १९२७ रोजी संसद मेलबर्नहून तिथे आली, पण मंदी आणि मग महायुद्ध यांनी शहर खुरटलेलंच राहिलं. एन्सलीच्या पायथ्याला युद्धस्मारक उघडलं ते ११ नोव्हेंबर १९४१ रोजी, ज्या युद्धाच्या स्मरणार्थ ते बांधलं त्याहून मोठं दुसरं युद्ध चालू असताना. टेकड्यांना या खुरटेपणाचा फायदाच झाला. झाडं वाढायला तीस वर्षं मिळाली.

खरी कसोटी १९५८ नंतर लागली. पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांनी राजधानी विकास आयोग नेमला, जॉन ओव्हरऑल त्याचे पहिले आयुक्त झाले, आणि सरकारी खाती धडाधड कॅनबेरात हलू लागली. १९६४ मध्ये सरोवर भरलं. १९६७ मध्ये लोकसंख्या एक लाखावर गेली. एवढी माणसं राहणार कुठे? टेकड्यांवर घरं चढवण्याची संधी याच वेळी होती. आयोगाने वेगळा मार्ग धरला. टेकड्यांच्या पलीकडच्या खोऱ्यांमध्ये नवी उपशहरं वसवायची आणि मधले डोंगर मोकळे ठेवायचे. वोडन, बेलकॉनन, टगरनाँग ही उपशहरं अशीच उभी राहिली. नकाशावर त्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा होतो म्हणून त्या आराखड्याला ‘वाय प्लॅन’ म्हणतात. तज्ज्ञ या आराखड्यावर टीका करतात आणि ती रास्त आहे: शहर लांबच लांब पसरलं, गाडीशिवाय जगणं अवघड झालं. पण त्याच पसरण्यामुळे जवळजवळ प्रत्येक उपनगराच्या वाट्याला एक टेकडी आली. मोटारीसाठी आखलेल्या शहराने पायी चालणाऱ्याला एवढं दिलं, हे तिथल्या नियोजनाचं नवलच.

क्लबही तिथे याच सुमारास आले. राष्ट्रीय उद्यानांसाठी झटणारी संस्था १९६० मध्ये, कॅनबेरा बुशवॉकिंग क्लब १९६१ मध्ये. पहिल्या संस्थेच्या स्थापनेत वनस्पतिशास्त्रज्ञ नॅन्सी बर्बिज आघाडीवर होत्या. मॅक्स ग्रे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला या प्रदेशातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्लॅक माउंटनच्या पायथ्याचं राष्ट्रीय वनस्पतिउद्यान रीतसर खुलं झालं. केवळ ऑस्ट्रेलियातल्याच झाडांचं उद्यान, ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती. देशी झाडं म्हणजे रान, बाग नव्हे, असंच बहुतेकांना वाटे. ज्या माणसाला पायाखालच्या ऑर्किडचं नाव कळतं तो टेकडीकडे रिकामी जागा म्हणून बघत नाही. बर्बिज यांच्यासारख्यांच्या कामाचा परिणाम पुढच्याच लढाईत दिसला.

ती लढाई झाली ब्लॅक माउंटनच्या माथ्यावर. टेलिफोन आणि प्रसारणासाठी १९५ मीटर उंचीचा मनोरा उभारायचं सरकारच्या मनात आलं. ग्रिफिनच्या जलाक्षाच्या टोकाला असलेली ही टेकडी ८१२ मीटर उंच. त्यावर हा मनोरा म्हणजे शहरातल्या प्रत्येक खिडकीतून दिसणार. नागरिकांनी समिती स्थापन केली, बांधकाम कामगारांच्या संघटनेने बहिष्कार घातला, प्रकरण न्यायालयात गेलं. खालच्या न्यायालयात नागरिकांच्या बाजूने निकाल लागला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. १५ मे १९८० रोजी मनोऱ्याचं उद्घाटन झालं. नागरिक हरले. पण त्या हरण्याने शहराला जाग आली, आणि आतल्या दुसऱ्या कुठल्याही टेकडीच्या डोक्यावर त्यानंतर असं काही उभं राहिलेलं नाही.

एक अपवाद आहे, तो फार मोठा. स्क्रिव्हनरच्या तळाची कुर्राजाँग हिल पुढे कॅपिटल हिल झाली आणि नवं संसद भवन तिच्या पोटात बांधायचं ठरलं. दहा लाख घनमीटरहून अधिक दगडमाती काढून टेकडीचा माथा खणला गेला. वास्तुरचनाकार रोमाल्दो जुर्गोला याने मग इमारतीच्या छतावर हिरवळीचा उतार रचून टेकडीचा आकार परत आणला. लोकांनी आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावरून चालावं हा त्यातला अर्थ होता आणि १९८८ पासून लोक खरोखर चालत होते, मुलं त्या उतारावरून गडगडत खाली येत होती. २०१७ मध्ये सुरक्षेच्या कारणाने तिथे कुंपण घातलं गेलं. हा निर्णय दुःखद होता. एन्सलीवर चढणाऱ्याला कुणी अडवत नाही, हे स्वातंत्र्य गृहीत धरू नये असं त्यातून समजतं.

एन्सलीच्या वाटेवर आणखी काही आठवणी कोरलेल्या आहेत. स्मारकामागून चढताना ठिकठिकाणी पाट्या लागतात. १९४२ मध्ये न्यू गिनीतल्या कोकोडा वाटेवर झालेल्या लढायांची नावं त्यांवर आहेत. त्या डोंगराळ, चिखलाच्या वाटेवर ऑस्ट्रेलियन सैनिक जपान्यांशी लढले. आणि चढ सुरू होतो तिथून थोड्याच अंतरावर, वाटेच्या कडेला रानात, एका खडकावर छोटी पट्टी बसवलेली आहे: ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात सेवा केलेल्या आदिवासींच्या स्मरणार्थ. खाली भव्य घुमट आहे आणि ज्यांची ही टेकडी मुळात होती त्यांच्या वाट्याला झाडीतला एक दगड आला, ही गोष्ट तिथल्या अनेकांना बोचत आली आहे. अँझॅक दिनाच्या, म्हणजे तिथल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, पहाटे लोक आता त्या खडकापाशीही जमतात.

१९९० च्या दशकात या सगळ्या टेकड्या, कडेची गवताळ रानं आणि ओढे मिळून ‘कॅनबेरा नेचर पार्क’ या एका नावाखाली आले. आज त्यात तीसहून अधिक राखीव जागा आहेत. २०१३ मध्ये, शहराच्या शताब्दीला, त्यांना जोडणारी १४५ किलोमीटरची वाट तयार झाली. पण रोजची राखण करतात ते शेजारी. १९८९ मध्ये ८५६ मीटर उंचीच्या माउंट टेलरपासून सुरू झालेले ‘पार्ककेअर’ गट आता बहुतेक टेकड्यांवर आहेत. महिन्याच्या ठरलेल्या रविवारी निवृत्त माणसं, आयाबाया, शाळकरी मुलं जमतात आणि ब्लॅकबेरी, सेंट जॉन्स वर्ट, बागांतून निसटलेलं कोटोनीॲस्टर असलं तण काढतात. त्यांच्या हातून राखली जाते ती यलो बॉक्स आणि रेड गम जातीच्या युकॅलिप्टसची गवताळ वनराई, जी देशभरात अतिसंकटग्रस्त ठरलेली आहे. शेतीसाठी तिचा बहुतांश भाग केव्हाच साफ झाला.

१८ जानेवारी २००३ रोजी पश्चिमेकडच्या डोंगरांतून वणवा शहरात घुसला. चार माणसं गेली, पाचशेच्या आसपास घरं जळाली, माउंट स्ट्रॉम्लोवरची वेधशाळा खाक झाली. माउंट टेलरही जळाला. टेकड्यांना लगटून राहण्याची किंमत त्या दिवशी शहराने मोजली. त्यानंतर घरांजवळचं वाळलेलं गवत कापणं, ठरवून लहान आगी लावणं ही कामं काटेकोर झाली. काही लोकांनी सगळं रान मागे ढकलायची मागणी केली. टेलरचे स्वयंसेवक मात्र काही आठवड्यांतच पुन्हा टेकडीवर होते; काळ्या बुंध्यांवर हिरवी पालवी फुटताना त्यांनी पाहिली आणि राखेत आधी उगवणारं तण उपटायला घेतलं.

वाद आजही आहेत. कांगारूंची संख्या फार वाढली की गवत खुरटतं आणि त्यात राहणारे सरडे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी अडचणीत येतात, म्हणून दरवर्षी हिवाळ्यात ठरावीक राखीव जागा रात्री बंद ठेवून काही कांगारू मारले जातात. प्राणिप्रेमी आणि परिसंस्थेचे अभ्यासक यांच्यात त्यावरून कडाक्याचं भांडण आहे, आणि दोघांचंही टेकडीवर प्रेम आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. २०२१ च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या साडेचार लाखांवर गेली. नवी माणसं जगभरातून येतात. उत्तरेकडच्या गंगालिन भागातल्या नव्या वस्त्यांमध्ये भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यांत मराठीही. शहर आणखी पसरू द्यायचं नाही, नव्या घरांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत घरं आहे त्याच हद्दीत बांधायची, असं सरकारी धोरण २०१८ पासून आहे. म्हणजे टेकड्यांवर घरं चढणार नाहीत, पण त्यांच्या पायथ्याशी राहणारी आणि संध्याकाळी फाटक उघडून वर जाणारी माणसं वाढत राहतील. लोकप्रिय वाटांच्या कडा त्यामुळे झिजतात, आडवाटा पडतात, पावसाचं पाणी त्यांतून घळी पाडतं. दगडी पायऱ्या बांधणं, आडवाटांवर फांद्या टाकून त्या बंद करणं, बूट घासून तणाचं बी झटकायला लावणं, ही कामं आता पार्ककेअरच्या रविवारच्या यादीत तण उपटण्याच्या जोडीला आली आहेत.